एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची सभा आणि मुंबईतील मुलींच्या शाळा : विद्यार्थ्यांनी उभारलेल्या समाजकार्याचा एक अभ्यास (१८४८ ते १८५७)

प्रस्तावना

महाविद्यालयीन विद्यार्थी व समाजसेवा यांच्या संबंधाचा विचार करताना सामान्यतः १९६९ हे वर्ष आरंभबिंदू मानले जाते. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या त्या वर्षी, २४ सप्टेंबर रोजी, देशातील ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रारंभ झाला. शासनाच्या पुढाकाराने आकारास आलेल्या संघटित विद्यार्थी-सेवेपुरते हे मत बरोबर आहे. परंतु विद्यार्थ्यांनी स्वतः एकत्र येऊन, स्वतःचा वेळ देऊन व स्वतःच्या जबाबदारीवर एखादे लोकोपयोगी कार्य चालविण्याची परंपरा महाराष्ट्रात याहून पुष्कळच जुनी आहे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली. त्याच्या नऊ वर्षे आधीच मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी आणि तेथेच शिकून नुकत्याच शिक्षक झालेल्या तरुणांनी एक सभा स्थापन केली व वर्ष-दीड वर्षातच मुलींच्या शाळा सुरू केल्या.

‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ या नावाने ही सभा ओळखली जाते. एकोणिसाव्या शतकातील प्रबोधनाच्या इतिहासात तिचा उल्लेख येतो, परंतु तो बहुधा दादाभाई नौरोजी किंवा डॉ. भाऊ दाजी यांच्या चरित्रातील एक प्रकरण म्हणून येतो. पुढे मोठ्या झालेल्या व्यक्तींच्या तेजात त्यांच्या विद्यार्थिदशेतील सामुदायिक कार्य झाकोळून गेले आहे. प्रस्तुत लेखात या सभेकडे विद्यार्थ्यांनी उभारलेला एक उपक्रम या दृष्टीने पाहिले आहे. तिची प्रेरणा कोणती होती, तिची कार्यपद्धती कशी होती, समाजाचा विरोध तिने कसा सोसला व तिच्या मर्यादा कोणत्या होत्या, या चार प्रश्नांचा येथे विचार केला आहे.

१. पार्श्वभूमी

१८२७ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईच्या गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले. त्यांच्या स्मरणार्थ मुंबई इलाख्यातील लोकांनी दोन लाख रुपयांहून अधिक निधी जमविला. या निधीतून इंग्रजी, शास्त्रे व गणित शिकविणाऱ्या प्राध्यापकांची योजना झाली आणि १८३५ मध्ये ऑर्लेबार व हार्कनेस हे पहिले प्राध्यापक मुंबईस आले. बाळशास्त्री जांभेकर यांनी याच संस्थेत अध्यापन केले. १८४६ मध्ये बाळशास्त्री निवर्तले. परंतु इंग्रजी विद्या आत्मसात करून तिचा लाभ स्वभाषेतून स्वजनांस करून देणारा विद्वान कसा असतो, याचा आदर्श त्यांनी पुढील पिढीसमोर ठेवला होता.

या पिढीस मिळालेल्या शिक्षणाचे एक वैशिष्ट्य येथे नोंदविणे आवश्यक आहे. लोकांनी दिलेल्या वर्गणीतून व सरकारी साहाय्यातून ही शिक्षणव्यवस्था उभी राहिली होती आणि गरीब परंतु हुशार मुलांस तिची दारे खुली होती. दादाभाई नौरोजी (१८२५–१९१७) हे अशाच मुलांपैकी एक होते. ते चार वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले आणि आई माणेकबाई यांनी त्यांना वाढविले. शाळेत फी असती तर आपले शिक्षण झालेच नसते, असे त्यांनी उत्तरायुष्यातील आठवणींत नमूद केले आहे. आपले शिक्षण लोकांच्या पैशावर झाले, तेव्हा त्याचा उत्तम भाग लोकांच्याच सेवेस अर्पण केला पाहिजे, हा विचार आपल्या मनात तरुणपणीच रुजला, असेही ते सांगतात. या सभेच्या प्रेरणेचे हे सर्वांत स्पष्ट विधान मानता येईल. धर्मातील पुण्यसंचयाची कल्पना किंवा श्रीमंताने करावयाच्या दानाची कल्पना याहून ते वेगळे आहे. शिक्षण हे ऋण आहे आणि ते फेडावयाचे आहे, अशी ही भावना होती.

मुलींच्या शिक्षणाची स्थिती या काळात अत्यंत अपुरी होती. मुंबईत मुलींच्या शाळा मुळीच नव्हत्या असे नाही. अमेरिकन मिशनने १८२४ पासून व मार्गारेट विल्सन यांनी १८२९ च्या सुमारापासून मुलींसाठी शाळा चालविल्या होत्या. परंतु १८३९ मध्ये दोन पारशी तरुणांनी व १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर शहरात मोठी खळबळ माजली होती. मिशनच्या शाळेत मुलगी पाठविणे म्हणजे धर्म गमावणे, ही भीती मध्यमवर्गीय हिंदू व पारशी घरांत खोल रुतली होती. १८४० मध्ये स्थापन झालेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनचे लक्ष मुलग्यांच्या शाळांवर व उच्च शिक्षणावर केंद्रित होते. मुलींच्या शिक्षणाचे क्षेत्र अशा रीतीने मिशनऱ्यांच्या हाती व बहुतांश समाजाच्या आवाक्याबाहेर राहिले होते.

२. सभेची स्थापना व तिची शिस्त

१३ जून १८४८ रोजी सभेची स्थापना झाली. प्रा. पॅटन यांनी तिला सक्रिय उत्तेजन दिले व आरंभीचे अध्यक्षपदही सांभाळले. सभासद मात्र विद्यार्थी व तरुण माजी विद्यार्थी होते. दादाभाई त्या वेळी संस्थेत सहायक शिक्षक होते. भाऊ दाजी हे एल्फिन्स्टनमधून बाहेर पडून १८४५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वैद्यकाचे शिक्षण घेत होते. विद्यार्थी, नवशिक्षक व प्राध्यापक अशा तीन पायऱ्यांवरील माणसे या सभेत एकत्र बसत. ‘विद्यार्थ्यांची सभा’ या शब्दांचा अर्थ या ठिकाणी असा थोडा विस्तृत घ्यावा लागतो.

सभेचे मूळ स्वरूप निबंधवाचनाचे होते. एखाद्या सभासदाने विषय निवडून निबंध वाचावा व त्यावर इतरांनी चर्चा करावी, असा क्रम असे. धर्म व राजकारण हे विषय चर्चेतून वगळण्यात आले होते. या नियमाकडे भित्रेपणा म्हणून पाहण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु वर वर्णन केलेली परिस्थिती ध्यानात घेतली म्हणजे त्यातील व्यवहारज्ञान लक्षात येते. पारशी, मराठी व गुजराती हिंदू तरुणांनी युरोपीय प्राध्यापकाच्या अध्यक्षतेखाली एकत्र बसावे, ही गोष्टच त्या काळातील पालकांच्या मनात शंका उत्पन्न करण्यास पुरेशी होती. धर्मचर्चा वर्ज्य केल्यामुळे सभासदांना परस्परांशी बोलण्याची व पालकांना निर्धास्त राहण्याची सोय झाली. पुढे मुलींच्या शाळा काढताना हाच नियम सभेच्या उपयोगी पडला. येथे धर्मांतराचा प्रश्न उद्भवत नाही, असे सभासदांना कोणत्याही घराच्या उंबरठ्यावर उभे राहून सांगता येत होते.

३. निबंधाकडून शाळेकडे

१८४९ मध्ये बेहरामजी खरशेदजी गांधी या सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. स्त्रीशिक्षणाची आवश्यकता प्रतिपादन करणारे लेखन त्या काळी अगदीच नवीन राहिले नव्हते. नवीन होते ते त्यानंतर घडले ते. निबंधावर चर्चा होऊन सभा बरखास्त झाली नाही. या बाबतीत आपण काय करू शकतो, असा प्रश्न सभासदांनी स्वतःस विचारला. आपल्याजवळ पैसा नाही, इमारत नाही, शिक्षिका नाहीत. परंतु सकाळचा वेळ आहे व शिकविण्याची पात्रता आहे, हे त्यांनी ओळखले. आपले नित्याचे काम सुरू होण्यापूर्वी, सकाळच्या वेळी, विनावेतन शिकविण्यास अनेक सभासद पुढे आले.

पुढील टप्पा अधिक कठीण होता. मुली मिळवावयाच्या होत्या. सभासद घरोघर फिरू लागले. दादाभाई सुट्टीच्या दिवशी व मिळेल त्या वेळी लोकांच्या घरी जात आणि ओसरीवर बसून मुलींना लिहिणे, वाचणे व हिशेब शिकविण्याची परवानगी मागत. काही घरांतून ती मिळे. काही ठिकाणी मात्र असला भलता प्रस्ताव घेऊन आल्याबद्दल पायऱ्यांवरून खाली ढकलून देण्याची धमकी मिळे. हा प्रसंग त्यांनी पुढे स्वतःच नमूद करून ठेवला आहे. शिकलेली मुलगी विधवा होते, ती घरकामास नालायक ठरते, ती परपुरुषाशी पत्रव्यवहार करील, असे समज हिंदू घरांत दृढ होते. पारशी समाजातही जुन्या मताची मंडळी थोडी नव्हती. या तरुणांना विरोध करणारे लोक परके नव्हते. ते त्यांच्याच आळीतले, ओळखीतले व नात्यातले होते. परगावी जाऊन सेवा करणे त्या मानाने सोपे असते. स्वतःच्या मोहल्ल्यात शेजाऱ्याच्या दारी उभे राहण्यास अधिक धैर्य लागते.

या संदर्भात माणेकबाईंचा उल्लेख केला पाहिजे. स्वतः निरक्षर असलेल्या या मातेने स्त्रीशिक्षणाच्या कार्यात आपणास साहाय्य केले, असे दादाभाईंनी कृतज्ञतेने सांगितले आहे. ज्या घरांत तरुण पुरुषाच्या शब्दाला किंमत नव्हती, तेथे एका प्रौढ विधवेच्या शब्दाचे वजन निश्चितच निराळे असणार. सभेच्या सभासदांच्या यादीत अशा स्त्रियांची नावे असण्याचा प्रश्नच नव्हता. तथापि त्यांच्या अनौपचारिक आधारावाचून हे कार्य घराच्या आत पोहोचले नसते, असे मानण्यास जागा आहे.

१८४९ मध्येच शाळा सुरू झाल्या. रुस्तम मसानी यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दादाभाईंच्या चरित्रानुसार प्रारंभी ४४ पारशी व २४ हिंदू मुली दाखल झाल्या. एकूण ६८ ही संख्या मोठी नाही. परंतु या प्रत्येक मुलीमागे एका घराची संमती होती व प्रत्येक संमतीमागे कोणा सभासदाची पायपीट होती, हे लक्षात घेता ती लहानही म्हणता येत नाही.

४. पैसा, जागा आणि शिक्षक

स्वयंसेवी उत्साहावर शाळा सुरू होते. ती चालू ठेवण्यास अन्य साधने लागतात. सभासद परीक्षा देऊन नोकरीस लागणार, गावोगाव पांगणार, हे उघड होते. या अडचणीची जाणीव सभेस लवकर झाली आणि तिने दोन प्रकारचे आधार शोधले.

पहिला आधार शहरातील उदार व्यापाऱ्यांचा होता. खरशेदजी नसरवानजी कामा व त्यांच्या घराण्यातील मंडळींनी पारशी मुलींच्या शाळांसाठी आर्थिक साहाय्य दिले. जगन्नाथ शंकरशेट यांनी मराठी मुलींच्या शाळेसाठी गिरगावातील आपल्या वाड्यात जागा उपलब्ध करून दिली. समाजात ज्यांच्या शब्दाला मान होता अशा गृहस्थाच्या वाड्यात शाळा भरते, ही गोष्ट अनेक पालकांची भीती घालविण्यास कारणीभूत झाली. देणगीचे मोल अशा रीतीने रुपयांपुरते मर्यादित नव्हते. पुढे गुजराती हिंदू मुलींच्या शाळेस मंगळदास नथुभाई यांचे साहाय्य मिळाले आणि लोहार चाळीतील मराठी शाळेशी भाऊ दाजींचे नाव जोडले गेले.

दुसरा आधार वेतनी शिक्षकांचा होता. निधी मिळताच सभेने नियमित शिक्षक नेमले. देखरेख, निधी व धोरण यांचे दायित्व सभेने स्वतःकडे ठेवले. स्वतः शिकविण्यात जो सेवेचा आनंद असतो, तो या बदलामुळे काहीसा कमी झाला असेल. परंतु मुलींच्या दृष्टीने ही व्यवस्था अधिक हिताची होती. सभासदाची परीक्षा आली म्हणून वर्ग बंद राहण्याचे कारण उरले नाही. सेवा करणाऱ्याच्या समाधानापेक्षा सेवा घेणाऱ्याच्या गरजेस अग्रक्रम देण्याचा हा निर्णय वीस-बावीस वर्षांच्या तरुणांनी घेतला, हे विशेष होय.

१८५७ च्या सुमारास पारशी मुलींच्या शाळा त्या समाजाने स्थापन केलेल्या स्वतंत्र मंडळाकडे सोपविण्यात आल्या. ज्या समाजातून तरुणांना पायऱ्यांवरून ढकलण्याच्या धमक्या मिळाल्या होत्या, त्याच समाजाने आठ वर्षांत या शाळा आपल्या म्हणून स्वीकारल्या. सभेच्या कार्याच्या यशाचे याहून निःसंदिग्ध प्रमाण दुसरे नाही. मराठी मुलींच्या शाळा सभेकडेच राहिल्या व त्यांचे कार्य पुढील शतकातही चालू राहिले.

५. मातृभाषेचा मार्ग

सभेचे मुख्य कामकाज इंग्रजीत चाले. इंग्रजी न जाणणाऱ्या बहुसंख्य लोकांपर्यंत नवे ज्ञान कसे पोहोचवावे, हा प्रश्न पहिल्याच वर्षी उपस्थित झाला. त्यातून १ सप्टेंबर १८४८ रोजी मराठी शाखा म्हणून ‘उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा’ स्थापन झाली. मराठी भाषेचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग (१८१४–१८८२) तिचे अध्यक्ष झाले. गुजराती भाषिकांसाठीही अशीच ‘ज्ञानप्रसारक मंडळी’ निघाली. मराठी सभेत वाचले जाणारे निबंध लोकांस उपलब्ध व्हावेत म्हणून १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक सुरू झाले व ते १८६७ पर्यंत चालले. सृष्टिज्ञान, इतिहास, भूगोल, आरोग्य, व्यापार व लोकस्थिती यांसारख्या विषयांवर मराठी गद्यात लिहिण्याचा सराव या मासिकामुळे एका पिढीस झाला.

त्या काळात शिक्षणाचे माध्यम कोणते असावे यावर बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये तीव्र मतभेद होते. अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचा भर इंग्रजीवर होता; जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांचा पुरस्कार करीत होते. विद्यार्थ्यांच्या सभेने या वादात ठराव केल्याचे महत्त्व नाही; तिने आपल्या रचनेतूनच त्याचे उत्तर दिले. विद्या इंग्रजीतून संपादन करावी आणि तिचे वाटप मराठी-गुजरातीतून करावे, अशी विभागणी तिने प्रत्यक्षात आणली. मुलींच्या शाळांतही शिक्षण मातृभाषेतूनच दिले जाई. शाळा व मासिक ही एकाच विचाराची दोन अंगे होती. शाळेत शिकलेल्या मुलीस पुढे वाचावयास काही हवे आणि मासिकास वाचक हवेत, हा परस्परसंबंध सभेच्या कार्यात अनुस्यूत होता.

६. उघडी सभा आणि गुप्त मंडळी

सभेच्या कार्यपद्धतीचे महत्त्व कळण्यासाठी समकालीन परमहंस मंडळीशी तिची तुलना उपयुक्त ठरते. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेली ही मंडळी जातिभेद मोडण्याच्या ध्येयाने एकत्र आली होती. राम बाळकृष्ण जयकर तिचे अध्यक्ष होते व दादोबा पांडुरंग हे तिच्या प्रमुख प्रवर्तकांपैकी होते. नव्या सभासदाने पाववाल्याने भाजलेला पाव खाऊन जातिबंधन झुगारल्याची खूण पटवावी, असा तिचा रिवाज होता. मंडळीचे ध्येय विद्यार्थ्यांच्या सभेहून अधिक मूलगामी होते, याविषयी दुमत होऊ नये. तथापि तिचे सर्व व्यवहार गुप्त होते. १८६० मध्ये मंडळीचे दप्तर चोरीस गेले, सभासदांची नावे उघड होण्याची भीती निर्माण झाली आणि मंडळी विस्कटली.

एकाच शहरात, एकाच दशकात, काही अंशी त्याच वर्तुळातील माणसांनी चालविलेल्या या दोन संस्थांचे भवितव्य इतके भिन्न का झाले? परमहंस मंडळीतील विचार सभासदांच्या खाजगी आयुष्यात राहिला. बाहेरच्या कोणालाही त्याचा प्रत्यक्ष लाभ होत नव्हता. त्यामुळे संकटकाळी तिच्या बाजूने बोलणारा कोणी नव्हता. विद्यार्थ्यांच्या सभेचे ध्येय मर्यादित होते, परंतु ते उघडपणे चालविले जात होते. मुली भर दिवसा शाळेत जात होत्या. देणगीदार, पालक व वृत्तपत्रे या सर्वांस तिचे काम दिसत होते. अशा संस्थेवर टीका होऊ शकते, परंतु ती एका रात्रीत नाहीशी होऊ शकत नाही.

या तुलनेतून गुप्ततेस सरसकट दोष देणे मात्र न्याय्य होणार नाही. जातिभेदाविरुद्ध उघड उभे राहण्याची किंमत त्या काळी फार मोठी होती. एल्फिन्स्टनमध्ये शिकणाऱ्या करसनदास मुळजी यांनी विधवाविवाहाच्या बाजूने निबंध लिहिला, एवढ्या कारणावरून ज्या नातलगांकडे ते राहत होते त्यांनी त्यांना घराबाहेर काढले. मुलींच्या शाळेचे कार्य उघडपणे करता आले याचे एक कारण असेही आहे की, त्या कार्याने जातिव्यवस्थेच्या मर्मावर थेट आघात केला नव्हता.

७. सभेच्या मर्यादा

येथे सभेच्या मर्यादांचा प्रश्न उपस्थित होतो. सभासद प्रायः पारशी व उच्चवर्णीय हिंदू होते. त्यांच्या शाळांत येणाऱ्या मुलीही त्याच थरांतील होत्या. मुसलमान समाजाशी सभेचा संबंध जवळजवळ आलाच नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलींचे शिक्षण तिच्या विचारकक्षेत नव्हते.

याच सुमारास पुण्यात घडत असलेले कार्य ध्यानात घेतले म्हणजे ही मर्यादा अधिक ठळक होते. जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. म्हणजे कालदृष्ट्याही त्यांचे कार्य मुंबईच्या विद्यार्थ्यांच्या आधीचे आहे. सावित्रीबाई फुले स्वतः शिक्षिका म्हणून उभ्या राहिल्या. मुंबईच्या शाळांत आरंभी शिकविणारे सर्व पुरुष होते. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलामुलींसाठीही फुले दांपत्याने शाळा चालविल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी पुण्यात विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा जाहीर सत्कार झाला. त्यांच्यामागे एल्फिन्स्टनसारखी संस्था नव्हती, कामांसारखे घराणे नव्हते. उलट या कार्यासाठी त्यांना स्वतःचे घर सोडावे लागले.

दोन्ही कार्यांची तुलना करून एकास उणे ठरविण्याची आवश्यकता नाही. मात्र एक निरीक्षण नोंदविणे योग्य होईल. मुंबईच्या विद्यार्थ्यांनी आपल्याला ज्यांची दारे ठोठावता येतील अशाच घरांपासून सुरुवात केली. त्यामुळे त्यांचे कार्य सुस्थिर झाले. त्याच कारणामुळे ते एका सामाजिक वर्तुळाच्या आतही राहिले. स्वतःच्या समाजापासून आरंभ करणे ही सेवेची स्वाभाविक पद्धत आहे. तेथेच थांबणे ही तिची मर्यादा ठरते.

८. सेवेकडून नागरिकत्वाकडे

सभेच्या नियमांत राजकारणास स्थान नव्हते. तथापि तिच्या सभासदांना तेथे मिळालेले शिक्षण राजकीय जीवनासही उपकारक ठरले. विषय मुद्देसूद मांडणे, विरोधी मत ऐकून घेणे, वर्गणी गोळा करणे, हिशेब देणे, अहवाल लिहिणे व परक्या समाजातील सहकाऱ्याबरोबर काम करणे, ही सार्वजनिक जीवनाची मूलभूत कौशल्ये होत. मुंबईत ती शिकविणारी दुसरी शाळा त्या वेळी क्वचितच होती.

दादाभाईंनी नोव्हेंबर १८५१ मध्ये ‘रास्त गोफ्तार’ हे पत्र सुरू केले. त्यासही खरशेदजी कामा यांचे साहाय्य होते. २६ ऑगस्ट १८५२ रोजी ‘बॉम्बे असोसिएशन’ ही इलाख्यातील पहिली राजकीय संस्था स्थापन झाली. तिच्यामागे जगन्नाथ शंकरशेट होते आणि चिटणीसपदावर भाऊ दाजी होते. कंपनीच्या सनदेच्या नूतनीकरणाच्या वेळी या संस्थेने ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज पाठविला. शाळांसाठी जागा देणारे, पैसा देणारे व घरोघर फिरणारे हेच लोक दोन-तीन वर्षांत राज्यकर्त्यांपुढे प्रजेचे गाऱ्हाणे मांडू लागले. भाऊ दाजी पुढे विद्यार्थ्यांच्या सभेचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. दादाभाई १८५५ मध्ये व्यापारानिमित्त इंग्लंडला गेले.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने स्त्रीशिक्षणास सरकारी साहाय्याचे धोरण घोषित केले व आपल्या मुलींना चांगले शिक्षण मिळावे अशी इच्छा भारतीयांमध्ये वाढत असल्याची दखल घेतली. सरकारने हे शब्द लिहिले तेव्हा मुंबईतील विद्यार्थ्यांच्या शाळांना पाच वर्षे होत आली होती.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली गोष्ट अशी की, मुंबईतील विद्यार्थ्यांच्या समाजकार्याचा उगम त्यांच्या अभ्यासात होता. निबंध, चर्चा व कृती या एकाच साखळीच्या कड्या होत्या. दुसरी गोष्ट कार्याच्या निवडीची. आपल्याजवळ असलेल्या दोन साधनांस, म्हणजे सकाळच्या वेळेस व विद्येस, साजेसे कार्य त्यांनी निवडले आणि आपण कायम येथे राहणार नाही हे ओळखून ते स्थायी हातांत सोपविण्याची व्यवस्था केली. तिसरी गोष्ट प्राध्यापकाच्या भूमिकेची. प्रा. पॅटन यांनी सभेस आपले नाव, आपला वेळ व आपला आधार दिला; शाळा मात्र सभासदांच्या राहिल्या. पायऱ्यांवर उभे राहून बोलणी ऐकण्याचे काम त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी केले नाही.

ही तिसरी गोष्ट आजच्या महाविद्यालयांस विशेष विचार करावयास लावणारी आहे. राष्ट्रीय सेवा योजनेने वर्षाला १२० तासांचे काम व सात दिवसांचे निवासी शिबिर अशी शिस्त घालून दिली आणि लक्षावधी विद्यार्थ्यांना गावाची ओळख करून दिली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमाच्या नव्या रचनेत क्षेत्रप्रकल्प व समाजसहभाग प्रकल्प यांना श्रेयांकही मिळू लागले आहेत. समाजकार्यास अभ्यासक्रमात प्रतिष्ठा मिळणे स्वागतार्हच आहे. परंतु विषय शासनाने ठरवावा, गाव महाविद्यालयाने निवडावे, वेळापत्रक कार्यक्रम अधिकाऱ्याने आखावे व विद्यार्थ्याने केवळ उपस्थिती नोंदवावी, असे घडल्यास तास पूर्ण होतील, श्रेयांक मिळतील आणि आपण काय करू शकतो हा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःस विचारलेलाच नसेल. १८४९ मध्ये निबंधवाचनानंतर सभासदांनी नेमका तोच प्रश्न स्वतःस विचारला होता.

या प्रश्नास वाव ठेवणे हे प्राध्यापकाचे काम होय. विद्यार्थी निवडतील तो उपक्रम कदाचित लहान असेल, त्याचे छायाचित्र फारसे आकर्षक निघणार नाही, त्यात पहिल्या वर्षी अपयशही येईल. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी ६८ मुलींपासून सुरुवात केली होती आणि त्यांनाही अनेक दारांवरून परत फिरावे लागले होते. ज्या दारावर धमकी मिळाली त्याच आळीत दुसऱ्या दिवशी पुन्हा जाण्याचा निश्चय त्यांना कोणत्याही परिपत्रकाने शिकविला नव्हता. तो त्यांच्यात निर्माण झाला, कारण शाळा त्यांची स्वतःची होती.